उभे राहताच उतरणारा रक्तदाब, न पचणारे जेवण आणि बधिर पाय : मधुमेहातील स्वायत्त न्यूरोपॅथीबद्दल प्रश्न

वऱ्हाडकन्या :

माझे वडील ६७ वर्षांचे निवृत्त शिक्षक असून अकोल्यात राहतात. त्यांना वीसेक वर्षांपासून टाइप २ मधुमेह आहे आणि अलीकडे सकाळ-संध्याकाळ मिश्र इन्सुलिन सुरू आहे. तळपायांची आग, मुंग्या आणि बधिरता हा त्रास जुनाच असून चप्पल पायातून निसटली तरी त्यांना कळत नाही. एनसीव्ही चाचणीत (मज्जातंतूंतून संदेश किती वेगाने जातो हे मोजणारी चाचणी) दोन्ही पायांत न्यूरोपॅथी, म्हणजे मज्जातंतूंचा बिघाड, असल्याचे स्पष्ट झाले, तेव्हापासून रात्री अमिट्रिप्टिलिनची गोळी असते आणि तिने आग बरीच शमली आहे.

गेल्या वर्षभरात मात्र नव्या तक्रारी सुरू झाल्या आहेत. सकाळी अंथरुणातून उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते, मान आणि खांदे भरून आल्यासारखे दुखतात, आणि पुन्हा आडवे झाले की बरे वाटते. एकदा ते न्हाणीघराच्या दारातच कोसळले. जेवायला बसल्यावर चार घासांत पोट भरते, आणि दुपारच्या भाजीचे ढेकर संध्याकाळपर्यंत येत राहतात. इन्सुलिन घेऊन जेवल्यावर तासाभरात साखर ६०-६५ पर्यंत उतरते, आणि तीच मध्यरात्री ३०० च्या घरात जाते. जेवताना चेहरा आणि मान घामाने निथळतात, पाय मात्र कोरडे असतात आणि टाचांना भेगा पडल्या आहेत. लघवी अडखळत होते. सोनोग्राफीत लघवी झाल्यानंतरही मूत्राशयात २२० मिली शिल्लक दिसली. प्रोस्टेट थोडी वाढलेली आहे, म्हणून टॅमसुलोसिन सुरू केले असून त्याने फरक न पडल्यास शस्त्रक्रिया करावी असे सुचवले आहे.

आतापर्यंत प्रत्येक तक्रारीसाठी वेगळे डॉक्टर झाले. चक्कर येते म्हणून कान तपासले, पोटासाठी आम्लपित्ताची गोळी मिळाली. बसून मोजलेला रक्तदाब १५० च्या आसपास येतो म्हणून टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड यांची एकत्रित गोळी आहे. नुकतेच एका तरुण डॉक्टरांनी ईसीजी पाहताना वडिलांना खोल श्वास घ्यायला लावला आणि श्वासाबरोबर नाडी मुळीच बदलत नाही, हा स्वायत्त न्यूरोपॅथीचा, म्हणजे हृदय, जठर, मूत्राशय आपोआप चालवणाऱ्या मज्जातंतूंच्या बिघाडाचा, प्रकार दिसतो, असे सांगून मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवले. नागपूरची भेट पुढच्या महिन्यात आहे. या सर्व तक्रारी खरोखरच एका दुखण्यात बसतात का, आणि तोपर्यंत घरी काय करावे व काय टाळावे, हे जाणकारांनी सांगावे. रक्तदाब वाढलेला आहे की उतरलेला, हेच आम्हाला कळेनासे झाले आहे.

जुना फिजिशियन :

आपण लिहिलेल्या तक्रारी एका दुखण्यात बसतात, आणि आपल्या वर्णनातच त्याची बरीचशी ओळख पटते. तरीही मी रुग्णाला तपासलेले नाही, हे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

हातापायांच्या संवेदना वाहणारे मज्जातंतू आणि हृदय, जठर, मूत्राशय, घर्मग्रंथी व रक्तवाहिन्या यांचे कामकाज आपल्या नकळत चालवणारे मज्जातंतू निरनिराळे असले, तरी दोन्हींत बारीक, फारसे आवरण नसलेले तंतू मोठ्या संख्येने असतात, आणि दीर्घकाळच्या वाढलेल्या साखरेचा घाव अशा तंतूंवर लवकर बसतो. लांब तंतू आधी बिघडतात, म्हणून त्रास तळपायांपासून सुरू होतो. त्याच न्यायाने मेंदूच्या बुडापासून छातीतून पोटापर्यंत जाणारी व्हेगस ही लांबलचक नस लवकर सापडते. हृदयाची गती संथ ठेवण्याचे काम तिचे असल्यामुळे आधी विश्रांतीच्या वेळीही नाडी जलद राहते आणि श्वासाबरोबर होणारा तिचा चढउतार नाहीसा होतो. त्या तरुण डॉक्टरांनी पाहिले ते हेच. उभे राहताच पाय आणि पोट यांच्या रक्तवाहिन्या आकसून रक्त वर ढकलणारे तंतू त्यानंतर निकामी होतात, आणि मग अंधारी येऊ लागते. मान व खांदे भरून येणे हेही त्याचेच लक्षण आहे, कारण तिथल्या स्नायूंना त्या क्षणी पुरेसे रक्त मिळत नाही. मणक्याचा त्रास समजून अशा रुग्णांना मानेचा पट्टा दिलेला मी पाहिला आहे.

एनसीव्ही चाचणी जाड तंतूंची असते, बारीक तंतूंचा बिघाड तिच्यात दिसत नाही. म्हणून ती सामान्य आली तरी स्वायत्त न्यूरोपॅथी असू शकते, आणि ती बिघडलेली आली तरी स्वायत्त भागाबद्दल ती काही सांगत नाही. त्यासाठीच्या चाचण्या एडिनबरोच्या डेव्हिड यूइंग आणि बेसिल क्लार्क यांनी १९७० च्या दशकात बसवल्या आणि आजही त्याच पायाभूत मानल्या जातात. मिनिटाला सहा या गतीने खोल श्वास घेताना नाडीत किती फरक पडतो, नळीत जोराने फुंकताना आणि उभे राहताना ती कशी बदलते, उभे राहिल्यावर आणि मूठ आवळून धरल्यावर रक्तदाबाचे काय होते, एवढेच त्यांत पाहतात. यांतले काहीही दुखत नाही. तपासणीच्या आदल्या दिवसापासून चहा-कॉफी व तंबाखू बंद ठेवायला सांगतात, आणि कोणत्या गोळ्या थांबवायच्या हे तिथे आधीच विचारून घ्यावे. डोळ्यांच्या पडद्यात मधुमेहाचा नवा रक्तस्राव असेल तर जोराने फुंकण्याची चाचणी करू नये.

पण यांतली सर्वांत महत्त्वाची मोजणी नागपूरची वाट न पाहता घरी होते. दंडावर बांधायच्या यंत्राने रक्तदाब घ्यावा, मनगटाचे यंत्र नको. सकाळी उठण्यापूर्वी, किमान पाच मिनिटे सपाट आडवे असताना पहिला आकडा नाडीसह लिहावा. मग उभे करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजावे. शेजारी धरायला माणूस आणि मागे खुर्ची हवीच, आणि अंधारी आल्यास मोजणी तिथेच सोडून बसवावे. तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर त्याला उभे राहिल्यावरची रक्तदाबाची घसरण मानतात. तितकीच महत्त्वाची नाडी आहे. पाणी कमी पडल्यामुळे रक्तदाब उतरला असेल तर नाडी वेगाने वाढून सावरण्याचा प्रयत्न करते. मज्जातंतूच बिघडले असतील तर ती जवळजवळ जागची हलत नाही. वरचा आकडा जितका उतरला त्याच्या निम्म्यानेसुद्धा नाडी वाढली नाही, तर दोष तंतूंमध्ये असण्याची शक्यता बरीच असते.

आता औषधांकडे येतो, कारण मला खरी चिंता तिथे वाटते. अमिट्रिप्टिलिन, टॅमसुलोसिन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड ही तिन्ही आपापल्या जागी योग्य म्हणून दिलेली औषधे आहेत, आणि तिन्ही उभ्या माणसाचा रक्तदाब खाली ओढतात. त्यातही अमिट्रिप्टिलिन मूत्राशयाचे आकुंचन कमी करते, आतडे व जठर मंद करते. म्हणजे पायांची आग शमवणारी गोळी लघवी तुंबवते, आणि तुंबलेल्या लघवीसाठी दिलेली गोळी चक्कर वाढवते. तीन डॉक्टरांनी तीन कागदांवर लिहिलेली औषधे एका कागदावर आली की हे उघड होते. मात्र घरच्या घरी काहीही बंद करू नये. तो एक कागद घेऊन आपल्या नेहमीच्या फिजिशियनकडे याच आठवड्यात जावे. एकदा कोसळलेल्या माणसाने पुढच्या महिन्यापर्यंत थांबणे मला बरे वाटत नाही.

नाशिकची फिजिओथेरपिस्ट :

औषधांचे डॉक्टर पाहतील, तोवर हालचालींच्या काही गोष्टी आजपासून करता येतात.

उठताना एकदम उभे राहू नये हे सगळेच सांगतात, पण बसल्यावर नेमके काय करायचे ते कोणी सांगत नाही. पलंगाच्या कडेला पाय सोडून बसावे, घोटे वरखाली हलवावेत, मांड्या आणि नितंब आवळून सोडावेत, आणि मगच उभे राहावे. उभे असताना अंधारी येऊ लागली तर पाय एकमेकांत अडकवून मांड्या घट्ट आवळाव्यात किंवा टाचा उचलून पोटऱ्या आवळाव्यात. जागा असेल तर सरळ उकिडवे बसावे, कारण त्याने पायांतले व पोटातले रक्त लगेच वर सरकते. पुन्हा उठताना मात्र स्नायू आवळलेलेच ठेवावे लागतात, नाहीतर दुसरी चक्कर पहिलीपेक्षा जोराची येते. बधिर पायांमुळे तोलही कच्चा असतो, म्हणून टाचा उचलण्याचा किंवा पाय अडकवण्याचा सराव भिंतीला हात लावूनच करावा.

पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे ठेवून ती बाजू १५ ते २० सेंटिमीटर उंच करावी. दोन-तीन उशा रचून हे साधत नाही. त्याने माणूस कंबरेत वाकतो, शरीर उतरते होत नाही. सपाट झोपल्यावर अशा रुग्णांचा रक्तदाब रात्री चढतो, त्या दाबाने मूत्रपिंडे जास्त लघवी बाहेर टाकतात, आणि पहाटेपर्यंत शरीरातले पाणी व मीठ कमी होऊन सकाळची चक्कर सर्वांत वाईट ठरते. पलंग कलता केल्याने हे कमी होते. रात्री लघवीला उठावे लागत असेल तर पलंगाशेजारी भांडे ठेवावे आणि लघवी बसूनच करावी. भारतीय शौचकूप असेल तर त्यावर कमोडची खुर्ची ठेवावी, कारण कुंथल्यानंतर एकदम उठणे हा कोसळण्याचा ठरलेला क्षण आहे. कडकडीत पाण्याची अंघोळ रक्तवाहिन्या सैल करते. कोमट पाणी घ्यावे, प्लास्टिकच्या स्टुलावर बसून अंघोळ करावी आणि दाराची कडी आतून लावू नये. पाण्याचा अंदाज त्यांनी पायाने घेऊ नये, तो त्यांना येणार नाही.

दाब देणारे लांब मोजे अनेकजण सुचवतील. मी आपल्या वडिलांसाठी ते आधी सुचवणार नाही. बधिर, भेगाळलेल्या पायांवर घट्ट मोज्याची चुणी रुतली तर जखम होईपर्यंत कळत नाही, पायांचा रक्तपुरवठा तपासल्याशिवाय ते वापरूच नयेत, आणि अकोल्याच्या उन्हाळ्यात ते कोणी घालतही नाही. त्यापेक्षा पोटाचा रुंद पट्टा बरा. उभे राहिल्यावर बरेचसे रक्त पोटातल्या शिरांमध्ये साचते, तिथेच तो दाब देतो. सकाळी उठण्यापूर्वी आडवे असतानाच बांधावा आणि झोपताना काढावा. मात्र जेवणानंतर पोट फुगत असेल तर किती घट्ट बांधायचा हे त्यांच्या सोयीने ठरवावे लागेल.

व्यायाम बंद करू नये. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची ही घसरण आणखी वाढते. पाठ टेकून चालवायची सायकल, बसून किंवा आडवे होऊन करायचे पायांचे व्यायाम यांपासून सुरुवात करावी, आणि शक्यतो दुपारनंतर, कारण सकाळची वेळ वाईट असते. हृदयाची तपासणी त्याआधी झालेली असावी.

इन्सुलिनसोबत वाढलेला :

मला लहानपणापासून टाइप १ मधुमेह आहे, आणि जठर मंद होणे म्हणजे गॅस्ट्रोपॅरेसिस हा प्रकार मी स्वतः भोगतो, म्हणून फक्त पोटाबद्दल लिहितो.

इन्सुलिन घेतल्यावर साखर आधी उतरून नंतर चढते, हा आपण दिलेला तपशील महत्त्वाचा आहे. इन्सुलिन आपल्या वेळेवर पोचते, अन्न मात्र जठरात अडून राहते. मग इन्सुलिनचा जोर ओसरल्यावर ते आतड्यात उतरते आणि मध्यरात्री साखर फुगते. घरचे म्हणतात की रात्री चोरून काही खाल्ले असेल. हा आरोप मी भरपूर ऐकला आहे, तेव्हा आपल्या वडिलांवर तो होऊ देऊ नका. मिश्र इन्सुलिनमध्ये दोन प्रकार ठरलेल्या प्रमाणात असतात, त्यामुळे त्याची वेळ जठराच्या गतीशी जुळवणे कठीण जाते. माझ्या डॉक्टरांनी दिवसभराचे इन्सुलिन आणि जेवणाचे इन्सुलिन वेगळे केले, आणि जेवणाचे इंजेक्शन जेवणानंतर, किती खाल्ले गेले ते पाहून घ्यायला सांगितले. हा बदल डॉक्टरांशिवाय करू नये, पण त्यांच्यापुढे हा प्रश्न नेमक्या शब्दांत मांडावा. वजनासाठी किंवा साखरेसाठी सेमाग्लुटाइडच्या गटातले औषध कोणी सुचवल्यास जठराची ही अवस्था आधी सांगावी, कारण ती औषधे जठर आणखी मंद करतात.

आहाराच्या बाबतीत इथे एक पेच आहे. मधुमेह्याला आयुष्यभर कोशिंबीर, मोड आलेली मटकी, सालीसकट फळे आणि ज्वारीची भाकरी खा असे सांगितलेले असते, आणि मंद जठराला नेमके हेच पदार्थ जड जातात. चोथा आणि स्निग्ध पदार्थ दोन्ही जठरातून उशिरा उतरतात. मला मऊ भात-वरण, मुगाची पातळ खिचडी, शिजवून घोटलेली दुधी किंवा लाल भोपळ्याची भाजी, ताक, पातळ सूप हे सोसते. तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा छोटी खाणी घेतो. आणखी एक फायदा असा की, भरपेट आणि पिष्टमय जेवणानंतर दोन तासांत रक्तदाब उतरण्याचा जो प्रकार या दुखण्यात असतो, तो छोट्या जेवणाने कमी होतो. जेवल्यावर आडवे व्हावेसे वाटते, पण आडवे झाल्याने जठर आणखी रेंगाळते. मी आरामखुर्चीत टेकून बसतो.

मला जास्त भीती दुसऱ्या गोष्टीची वाटते. साखर उतरल्यावर छातीत धडधड, थरथर आणि घाम हे जे इशारे मिळतात, तेही याच यंत्रणेतून येतात आणि हळूहळू बंद होतात. आपल्या वडिलांना साखर ६० असताना काही जाणवते का, हे विचारून पाहा. जाणवत नसेल तर दंडावर लावायचा साखर मोजणारा सेन्सर, खर्चिक असला तरी, निदान काही आठवडे वापरावा, म्हणजे डॉक्टरांना रात्रीचा आलेख दिसेल. साखर उतरल्यावर पेढा किंवा बिस्कीट देऊ नका. पाण्यात विरघळवलेली ग्लुकोजची पूड द्या, कारण द्रव जठरातून लवकर उतरतो. एकादशी, चतुर्थीचे उपवास त्यांनी सध्या सोडलेलेच बरे. घरात यावर वाद होतो, याची मला कल्पना आहे.

चिकित्सक वाचक :

वरचे सर्व मान्य करून एक शंका मांडतो. मधुमेह आहे म्हणजे न्यूरोपॅथी मधुमेहाचीच, असे गृहीत धरले की पुढचा शोध थांबतो. आपल्या वडिलांनी पूर्वी मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेतली असणार; दीर्घकाळच्या मेटफॉर्मिनने बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, आणि शाकाहारी घरात तर ती शक्यता अधिकच. ही तपासणी स्वस्त आहे आणि कमतरता असल्यास इलाजही सोपा आहे. मद्य, काही कर्करोगांवरची औषधे, स्योग्रेनचा आजार (डोळे व तोंड कोरडे पाडणारा), मूत्रपिंडे निकामी होणे, ही कारणेही विचारली जावीत. महाराष्ट्रात कुष्ठरोग विसरून चालत नाही; त्यातही तळपाय बधिर आणि कोरडे होतात, फक्त बधिरपणा ठिगळांसारखा असतो आणि कोपर, गुडघा, घोटा इथल्या नसा जाड लागतात. मंद हालचाल, थरथर किंवा झोपेत ओरडणे-हातपाय झाडणे असेल तर कंपवाताच्या जातीचे आजार पाहावे लागतात. स्वायत्त तक्रारी काही महिन्यांतच झपाट्याने वाढल्या, वजन घटले, दोन्ही मनगटांत कार्पल टनेल (नस दबून हाताला मुंग्या येणे) झाले किंवा हृदयाच्या भिंती जाड निघाल्या, तर अमायलॉइडोसिसचा, म्हणजे अवयवांत विकृत प्रथिन साचण्याच्या आजाराचा, विचार झाला पाहिजे. त्याच्या काही प्रकारांवर आता औषधे आहेत, आणि ती जितकी लवकर सुरू होतील तितका उपयोग जास्त.

दुसरे असे की घाईने साखर खाली आणण्याचा मोह आवरावा. तीन महिन्यांत एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) दोन टक्क्यांहून जास्त उतरवले, तर काही रुग्णांत अचानक तीव्र वेदना आणि स्वायत्त तक्रारी सुरू होतात. उपचारामुळे होणारी न्यूरोपॅथी म्हणून हे चांगले परिचित आहे. वडिलांच्या तक्रारी सुरू होण्याआधी इन्सुलिन नव्याने सुरू झाले होते का आणि साखर किती वेगाने उतरली होती, हे जुन्या अहवालांत पाहावे.

साखर सांभाळून काय मिळते, याचे उत्तर दोन अभ्यासांत दोन प्रकारे मिळते. टाइप १ रुग्णांच्या डीसीसीटी या अभ्यासात काटेकोर नियंत्रणाने हृदयाच्या स्वायत्त न्यूरोपॅथीचे प्रमाण निम्म्याहून कमी झाले. टाइप २ मध्ये नुसत्या साखरेने तितका लाभ दिसत नाही. कोपनहेगनच्या स्टेनो-२ अभ्यासात साखर, रक्तदाब, रक्तातील चरबी आणि धूम्रपान या सर्वांवर एकत्र उपचार केले, तेव्हा स्वायत्त न्यूरोपॅथीची वाढ मंदावली, पायांच्या न्यूरोपॅथीत मात्र तसा फरक पडला नाही. म्हणून पायांची आग कमी झाली नाही एवढ्यावरून उपचार वाया गेले, असे मानू नये.

वऱ्हाडकन्या :

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे पहाटे मोजणी केली. आडवे असताना १६८/८८, नाडी ९२. उभे राहिल्यावर पहिल्या मिनिटाला १३२/७४, नाडी ९५. तिसऱ्या मिनिटाला ११८/६८, नाडी ९६, आणि त्यानंतर अंधारी आल्याने त्यांना बसवले. साखर ६२ असताना त्यांना काहीच जाणवत नव्हते, भूकही नाही. आमच्या फिजिशियननी तक्ता पाहून लगेच हायड्रोक्लोरोथायझाइड नसलेली साधी टेल्मिसार्टन दिली, ती रात्री घ्यायला सांगितली, आणि अमिट्रिप्टिलिन हळूहळू कमी करायला सुरुवात केली. बी-१२ आणि मूत्रपिंडांच्या तपासण्या पाठवल्या आहेत.

आता दोन प्रश्न उरतात. आडवे असताना १६८ असलेल्या माणसाला मीठ-पाणी वाढवा असे एका नातेवाइकांनी सुचवले आहे आणि मिडोड्रीन नावाच्या, रक्तदाब चढवणाऱ्या गोळीचेही सांगितले आहे. आणि प्रोस्टेटची शस्त्रक्रिया करावी की थांबावे?

जुना फिजिशियन :

वरचा आकडा ५० ने उतरला आणि नाडी अवघी ४ ने वाढली, म्हणजे हे आकडे तंतूंच्या दोषाकडे बोट दाखवतात. आडवे असताना जास्त आणि उभे असताना कमी हे दोन्ही आकडे खरे आहेत. इथे एक आकडा गाठण्याचे ध्येय सोडून द्यावे लागते. उभे राहून अंघोळ-जेवण उरकता यावे, आरतीला पाच मिनिटे उभे राहता यावे, आणि रात्रीचा चढलेला दाब फार जाऊ नये, इतके साधले तरी मी समाधानी असतो. पडून मांडीचे हाड मोडण्याचा धोका आजचा आहे. वाढलेल्या रक्तदाबाचा धोका वर्षांच्या हिशेबातला आहे. दोन्ही मोजावे लागतात, पण क्रम हाच. दिवसा मात्र त्यांनी सपाट झोपू नये, वामकुक्षी टेकून घ्यावी.

मीठ वाढवण्याचा सल्ला तरुण आणि धडधाकट मूत्रपिंडाच्या रुग्णाला चालतो. वीस वर्षांचा मधुमेह, अशा दाबाचे आकडे आणि हृदयाची माहिती नसताना मी तो देणार नाही. पाण्याचा एक उपाय मात्र वापरून पाहण्यासारखा आहे : सकाळी उठण्यापूर्वी बसून अर्धा लिटर पाणी तीन-चार मिनिटांत पिऊन टाकावे. अशा रुग्णांत त्याने काही मिनिटांत रक्तदाब वर सरकतो आणि तासभर टिकतो. हळूहळू घोट घेतल्यास तो परिणाम मिळत नाही. मूत्रपिंडे किंवा हृदय अशक्त असल्यास आधी विचारावे.

मिडोड्रीन हे चांगले औषध आहे, पण ते मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू आवळते, आणि लघवी तुंबलेल्या रुग्णाला ते देऊ नये असेच सांगितलेले आहे. शिवाय टॅमसुलोसिन नेमके उलट काम करते, म्हणजे दोन्ही एकत्र दिली तर एकमेकांना खोडतील. देण्यासारखी परिस्थिती पुढे आलीच, तरी शेवटची मात्रा झोपण्यापूर्वी किमान चार तास आधी असते. यासाठीच दिले जाणारे दुसरे औषध, फ्लुड्रोकॉर्टिझोन, शरीरात पाणी धरून ठेवते, आडवे असतानाचा दाब वाढवते आणि पोटॅशियम उतरवते. या आकड्यांवर मी त्याला हात लावणार नाही.

शस्त्रक्रियेबद्दल माझे मत स्पष्ट आहे. ती नको असे नाही, पण आधी यूरोडायनॅमिक चाचणी व्हावी. मूत्राशयात बारीक नळी घालून ते किती दाबाने आकुंचन पावते आणि लघवी किती धारेने येते हे तिच्यात मोजतात. दाब भरपूर आणि धार कमी असेल तर वाटेत अडथळा आहे आणि प्रोस्टेट काढून उपयोग होईल. दाबच कमी असेल तर मधुमेहाने मूत्राशय शिथिल झाले आहे. प्रोस्टेट काढूनही लघवी तशीच उरेल. अशा वेळी भरल्याची जाणीव होण्याची वाट न पाहता घड्याळ लावून तीन-चार तासांनी लघवीला जाणे, एकदा झाल्यावर थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करणे, आणि तरीही भागत नसेल तर दिवसातून ठरावीक वेळा स्वतः नळी घालून मूत्राशय रिकामे करणे, हा मार्ग असतो. ऐकायला अवघड वाटतो, पण महिनाभरात रुग्ण सरावतात. अमिट्रिप्टिलिन पूर्ण सुटल्यावर काही आठवड्यांनी शिल्लक लघवी पुन्हा मोजावी. २२० पैकी काही भाग त्या गोळीचा असू शकतो.

कोणतीही शस्त्रक्रिया, अगदी मोतीबिंदूचीसुद्धा, ठरली तर भूलतज्ज्ञांना स्वायत्त न्यूरोपॅथी आहे हे स्वतःहून सांगावे आणि हा आडवा-उभा तक्ता दाखवावा. भूल देताना अशा रुग्णांचा रक्तदाब एकाएकी कोसळू शकतो, आणि जठर रिकामे व्हायला वेळ लागत असल्याने उपाशी राहण्याचे नेहमीचे तास त्यांना पुरतीलच असे नाही. आणखी एक : या आजारात हृदयविकाराचा झटका छातीत न दुखता येऊ शकतो. अचानक दम लागला, कारण नसता गळाठा आला, उलट्या होऊन अंगाला घाम सुटला, तर साखर मोजून थांबू नये, ईसीजी काढावा.

नाशिकची फिजिओथेरपिस्ट :

उन्हाळा तोंडावर आहे म्हणून एवढेच जोडते. ज्यांच्या पायांना व धडाला घाम येत नाही, त्यांचे शरीर थंड होण्याची वाटच बंद असते, आणि जेवताना चेहऱ्यावर येणारा घाम पाहून घरच्यांना वाटते की घाम तर भरपूर येतो. अशा माणसाला बारा ते चार घराबाहेर पाठवू नये. कूलर चालू असलेल्या खोलीतही ओल्या पंचाने मान, काखा आणि हात पुसत राहावे. पाय पुसून बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात, टाचांना खोबरेल किंवा व्हॅसलीन लावावे पण बेचक्यांत लावू नये, आणि तापलेल्या अंगणात किंवा देवळाच्या फरशीवर अनवाणी जाऊ देऊ नये. रोज रात्री तळपाय दुसऱ्या कोणी पाहावेत. त्यांना स्वतःला वाकून पाहायला सांगू नका, वाकून उठताना चक्कर येईल.

वऱ्हाडकन्या :

यूरोडायनॅमिक चाचणीबद्दल शल्यचिकित्सकांशी बोलणे झाले आणि ते तयार आहेत. शस्त्रक्रियेची तारीख तूर्त रद्द केली आहे. पलंगाखाली विटा ठेवल्या आहेत. देवळात अनवाणी न जाण्यावर वडील राजी नाहीत, तेव्हा सध्या सकाळी सातच्या आत, फरशी थंड असताना, जाड मोजे घालून आणि माझ्या भावाला सोबत घेऊन जायचे असे ठरले आहे. नागपूरच्या भेटीनंतर चाचण्यांचे आकडे इथेच लिहीन.